गॅस गाळणारा पडदा आणि सरकीवरची लव

गेले काही महिने बायोगॅस कंपन्यांची माणसे तालुक्यातालुक्यांतून फिरत आहेत. पऱ्हाटी द्या, बांधावर नेपियर लावा, जमेल तेवढे भागभांडवल भरा. कंपनी गॅस तयार करील आणि तेल कंपन्या तो उचलतील, असे त्यांचे सांगणे आहे. येत्या जिल्हा बैठकीत यावर ठराव व्हायचा आहे. अशाच एका गावच्या सभेत मी बसलो होतो. भिंतीवर कारखान्याचा नकाशा लावला होता. एका टोकाला शेण आणि काडीकचरा, दुसऱ्या टोकाला गॅसची गाडी, आणि मधे एक निळी पेटी. तिच्यावर लिहिलेले, 'इम्पोर्टेड मेंब्रेन'. मी विचारले, ही पेटी येते कुठून, टिकते किती वर्षे आणि बिघडली तर खर्च कुणाच्या खात्यावर? सांगणाऱ्याने पुढचा नकाशा काढला.

त्या पेटीबद्दल आज लिहितो आहे. बियाण्याच्या पाकिटात काय आहे हे न विचारता आपण पैसे मोजले, त्याचा अनुभव ताजा आहे.

पेटीत असतात केसासारख्या बारीक पोकळ नळ्या, हजारोंनी. नळीच्या भिंतीवर प्लास्टिकच्या जातीचा अतिपातळ पापुद्रा असतो. गॅस दाबाने आत सोडला की काही वायू त्या पापुद्र्यात चटकन विरघळून पलीकडे निघतात, काही मागे रेंगाळतात. बायोगॅसमध्ये साधारण ५५ ते ६० टक्के मिथेन असतो. जळतो तो हाच. उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. तो पापुद्र्यातून लवकर पळतो आणि मिथेन मागे राहतो. खळ्यावर ज्वारी उफणताना जे होते तेच इथे होते. भुसा उडतो, दाणा पायाशी पडतो. पण भुशाबरोबर काही दाणे जातातच, म्हणून आपण भुसा पुन्हा एकदा वाऱ्यावर धरतो. यांनाही दोनदा, तीनदा गाळावे लागते. फरक एवढाच, की खळ्यावरचा वारा फुकटचा असतो आणि इथला वारा विकत घ्यावा लागतो. हवेच्या दहा-पंधरा पट दाब द्यायला कॉम्प्रेसर लागतो, कॉम्प्रेसरला वीज लागते. एक घनमीटर कच्चा गॅस गाळायला साधारण पाव युनिट धरा. किलोभर शुद्ध गॅसला अडीच घनमीटर कच्चा गॅस लागतो. गाडीत भरण्यासाठी पुढे दाबावा लागतो, त्याची वीज वेगळी. आणि भारनियमन झाले म्हणून टाकीतले शेण गॅस करायचे थांबत नाही. तो मग जाळून टाकावा लागतो.

या पडद्यांचा बाजार प्रथम उभा राहिला तो खताच्या कारखान्यात, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. कृषी महाविद्यालयात चार वर्षे युरियाच्या मात्रा पाठ केल्या. युरिया होतो कसा हे कुणी धड सांगितले नव्हते. हवेतला नायट्रोजन आणि नैसर्गिक वायूतून काढलेला हायड्रोजन दाबाखाली एकत्र आणून अमोनिया करतात, अमोनियापासून युरिया. एका फेरीत थोडाच भाग जुळतो, उरलेला पुन्हा फिरवतात. फिरता फिरता त्यात अर्गॉन आणि मिथेन साठत जातो, म्हणून थोडा वायू सतत बाहेर सोडावा लागतो. त्या सोडलेल्या वायूत निम्म्याहून जास्त हायड्रोजन असे आणि तो भट्टीत जाळला जाई. १९८० च्या सुमारास एका अमेरिकन कंपनीने पोकळ नळ्यांचा पडदा बाजारात आणला आणि हा हायड्रोजन परत मिळवून दिला. पडद्याचे नाव प्रिझम. कंपनीचे नाव मोन्सँटो.

होय, तीच. कापसाच्या पाकिटातून ती आपल्याकडे २००२ मध्ये आली. त्याच्या वीस वर्षे आधी ती खताच्या कारखान्यांना पडदे विकत होती. १९९१ साली तिने हा धंदा एअर प्रॉडक्ट्स या दुसऱ्या अमेरिकन कंपनीला विकला आणि ती बियाण्याकडे वळली. २०१८ मध्ये ती स्वतःच जर्मनीच्या बायरने विकत घेतली. कंपनी वाईट म्हणून हे सांगत नाही. फुकट जाणाऱ्या वायूत माल आहे हे तिने ओळखले आणि त्याचे पैसे केले. आपण मात्र आपल्या फुकट जाणाऱ्या मालाकडे अजून पाहिलेलेही नाही.

पातळ पापुद्रा करण्याची युक्ती त्याही आधीची, १९६० च्या आसपासची. कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि भारतातून गेलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी खारे पाणी गोडे करण्यासाठी ती काढली. पापुद्रा होता सेल्युलोज अॅसिटेटचा. सेल्युलोज म्हणजे काय? तुमच्या गाठोड्यातला कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. अॅसिटेट करतात लाकडाच्या लगद्यापासून किंवा सरकीवरच्या आखूड लवेपासून, जिला बाजारात लिंटर म्हणतात. १९८० नंतर तेच पडदे वायूसाठी वापरात आले. टेक्सासच्या तेलक्षेत्रात १९८३ पासून ते कार्बन डायऑक्साइड वेगळा करू लागले. १९९५ मध्ये पाकिस्तानात, सिंधमधील घोटकीजवळच्या कादिरपूर वायूक्षेत्रावर त्या काळातला सर्वांत मोठ्यांपैकी एक कारखाना याच पडद्यांवर उभा राहिला. घोटकी कापसाचा मुलूख आहे. जमिनीवर कापूस, जमिनीखाली गॅस, आणि दोहोंच्या मधला पडदा अमेरिकेचा.

आज हा बाजार मूठभर कंपन्यांच्या हातात आहे. अमेरिकेत एअर प्रॉडक्ट्स, हनीवेल यूओपी, एमटीआर, फ्रान्सची एअर लिक्विड, जपानची उबे, आणि जर्मनीची इव्होनिक, जिच्या बायोगॅसच्या नळ्या ऑस्ट्रियात तयार होतात. एका जाणकार अमेरिकन संशोधकाने २००० साली साऱ्या जगाची उलाढाल वर्षाला १५ कोटी डॉलर मोजली होती. आता ती १०० कोटी डॉलरच्या पुढे धरतात. चार-चार हजार डॉलरना अहवाल विकणारे आणखी मोठे आकडे सांगतात, ते अहवाल विकत घेणाऱ्यांनी पाहावेत. मोठा खप हवेतून नायट्रोजन काढण्याचा आहे. विमानाच्या इंधनटाकीत स्फोट होऊ नये म्हणूनही हा नायट्रोजन भरतात. त्याखालोखाल नैसर्गिक वायू आणि हायड्रोजन. बायोगॅस हे नवे गिऱ्हाईक आहे.

आपल्याकडे ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने 'सतत' योजना जाहीर केली. २०२३-२४ पर्यंत ५००० कारखाने, सुरुवातीला किमान ४६ रुपये किलो दर. प्रत्यक्षात त्याचा दहावा भागही उभा राहिला नाही. आता २०२५-२६ पासून शहरी गॅस कंपन्यांना एक टक्का बायोगॅस मिसळणे बंधनकारक झाले आहे आणि २०२८-२९ पर्यंत ते पाच टक्क्यांवर न्यायचे आहे. कंपन्यांची माणसे गावात दिसू लागली ती यामुळे.

गॅस शुद्ध करायला पडदाच हवा असे नाही. दिल्लीच्या आयआयटीने पाण्याने धुण्याची पद्धत बसवली आहे, दाणेदार शोषकांची पद्धतही चालते. प्रत्येकीत काही मिळते, काही जाते. पडद्याला जागा कमी लागते, पाणी लागत नाही. आपल्या भागात ही साधी गोष्ट नव्हे. पण आधी गंधकाचा वायू आणि ओलावा नीट काढला नाही, किंवा कॉम्प्रेसरचे तेल आत गेले, तर दहा वर्षांचा सांगितलेला पडदा कधी निकामी होईल याचा भरवसा नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि भावनगरच्या संशोधन संस्थेत पडद्यांवर वर्षानुवर्षे काम झाले आहे. तरी नकाशातली पेटी 'इम्पोर्टेड'च.

आता आपल्या मालाकडे येऊ. क्विंटलभर कापसातून साधारण पासष्ट किलो सरकी निघते. सरकीच्या वजनात सात-आठ टक्के लिंटर. म्हणजे क्विंटलमागे साडेचार-पाच किलो लिंटर. आपल्याकडची बहुतेक सरकी लव न काढताच घाण्यात जाते. लव तेल पिऊन घेते आणि तेलासकट ढेपेत उतरते. ढेप म्हैस खाते, म्हणून अगदीच वाया गेली म्हणता येणार नाही. पण लव आधी काढली तर ती वेगळी विकता येते आणि तेलही जास्त निघते. गॅसच्या पडद्यांमुळे सरकीचा भाव चढेल असे कुणी सभेत सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नका. जगाच्या साऱ्या पडद्यांना लागणारा माल अगदी थोडा आहे. लिंटरची खरी गिऱ्हाइके कागद, धागा, दारूगोळा ही आहेत. मुंबईला माटुंग्यात कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था आहे. सरकीच्या उपयोगावर तिथे काम झाले, गिरणीतल्या कापसाच्या धुळीपासून बायोगॅसही करून झाला. त्याच माटुंग्यात महारोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्याच्या गॅसवर दिवे लागले होते. मुंबईत एवढे सारे झाले. आपल्या जिनिंगच्या फाटकापर्यंत त्यातले काही आले नाही, कारण कच्चा माल स्वस्तात मिळतो तोवर त्याचे तुकडे मोजण्याची गरज कुणालाच पडत नाही.

ठरावाबाबत माझे मत सांगतो. कंपन्यांना गावबंदी करण्याच्या मी विरोधात आहे. पऱ्हाटी आपण आजही बांधावर पेटवतो. तिला कुणी भाव देत असेल तर द्यावा. पण पऱ्हाटी लाकडासारखी, ती टाकीत सहज कुजत नाही. आधी बारीक करावी लागते, प्रक्रिया करावी लागते. तो खर्च भावातून कापणार काय, हे लिहून घ्यावे. कडबा करारात अजिबात घालू नये. कोरड्या सालात जनावर जगवायला तोच असतो. नेपियरला पाणी कुठले, हे सांगणाऱ्याने आपल्या विहिरीत डोकावून सांगावे. भागभांडवल मागणाऱ्याने पडद्याची किंमत, हमीची वर्षे, बदलीचा खर्च आणि मिथेनच्या गळतीचा आकडा छापील द्यावा. न देईल त्याला एक रुपयाही देऊ नये. गॅस तेल कंपनीलाच विकण्याची अट असेल तर ती तोडून मागावी. गावची सूतगिरणी किंवा जिनिंग जास्त भाव देत असेल तर त्यांना का विकू नये?

बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन आकडे आणावेत. गेल्या हंगामात गावातून किती क्विंटल कापूस गेला, आणि पऱ्हाटी किती एकरांची जाळली. घरटी विचारून आणा, तलाठ्याच्या वहीतले नकोत.