वाचनांतलें सोवळें

सुशिक्षित मराठी घरांतून हल्लीं एक विलक्षण सोवळें पाळलें जातें. मुलगा दहावी होऊन विज्ञानशाखेकडे वळला, कीं त्याचीं मराठी पुस्तकें माळ्यावर जातात. आणि मुलगी कलाशाखेकडे वळली, कीं गणिताचा विटाळ ती जन्मभर होऊं देत नाहीं. वडील मंडळींचेंही व्रत हेंच. शास्त्र वाचावयाचें तें इंग्रजींत व पोटासाठीं. मराठींत वाचावयाची ती कादंबरी, तीही जेवणानंतर डोळा लागेपर्यंत. गणित, तत्त्वज्ञान, शिल्प आणि इतिहास यांवरील पुस्तकें जो एकाच महिन्यांत वाचतो, त्याच्या वांट्यास 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण येते. या सोवळ्याविरुद्ध आम्हांस चार शब्द स्पष्टपणें लिहावयाचे आहेत.

आम्ही राहतों तें सातिवली गांव वसईच्या पूर्वेस, कारखान्यांच्या गाळ्यांनीं वेढलेलें. येथून कांहीं मैलांवर सोपारा आहे. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तेथील 'बुरूड राजाचा कोट' म्हणविणारी टेकडी उकरली, तेव्हां आंत स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटांतील दगडी पेटींत एकांत एक ठेवलेले करंडक होते, भोंवतीं बुद्धांच्या आठ लहान मूर्ति होत्या, आणि सातवाहन राजाचें एक रुप्याचें नाणें होतें. अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडाही त्यांना सोपाऱ्यासच सांपडला. आतां पहा: लेख लावण्यास ब्राह्मी लिपि आणि प्राकृत भाषा हवी, मूर्ति नाण्याहून कित्येक शतकें अलीकडच्या आहेत हें ओळखण्यास शिल्पाची नजर हवी, आणि बुद्ध आठच कां, तर सात होऊन गेलेले व आठवा पुढें येणारा मैत्रेय, हें सांगण्यास बौद्ध मताचा परिचय हवा. 'माझा विषय एवढाच' म्हणून पंडितजी बसले असते, तर त्या पेटींतून धातूचे तुकडेच तेवढे निघाले असते.

हाच न्याय पुस्तकांसही लागतो. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ सालीं मराठींत प्रसिद्ध झाला. तो आम्हीं अलीकडे पुन्हां वाचला. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहींत, अशा अर्थाचें एक विधान शतपथ ब्राह्मणांत आहे. नुसता शब्दपंडित त्यावरून पुढें निघून गेला असता. दीक्षितांना अयनगति ठाऊक होती. पृथ्वीचा आंस मंदपणें फिरत असल्यामुळें ताऱ्यांची उगवण्याची जागा सहस्रावधि वर्षांत सरकते. तेव्हां कृत्तिका नेमक्या पूर्वेस कधीं उगवत, हें गणितानें काढतां येतें. तें त्यांनीं काढलें, आणि उत्तर आलें इसवी सनापूर्वीं सुमारें ३००० वर्षें. या अनुमानावर पुढें पुष्कळ वाद झाला, व तो होणें योग्यच होतें; पण त्या वादांत उतरावयाचें तर व्याकरण आणि गणित दोन्ही हातांशीं पाहिजेत.

वाद घालण्याची ही पात्रताच आपण गमावीत आहों, हें आमचें खरें दुःख आहे. २०१९ सालीं इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत 'एकवीस' या नांवाबरोबरच 'वीस एक' असें वाचन देण्यांत आलें. समितीच्या अध्यक्षा गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांचें म्हणणें सरळ होतें: लिहितांना दशक आधीं येतें, बोलतांना एकक आधीं येतें, आणि वर जोडाक्षरें, त्यामुळें मूल गोंधळतें. यावर गंभीर आक्षेप घेतां आले असते. मराठी संख्यानामांस प्राकृतापासूनचा इतिहास आहे. बाजारांतला कान एका रीतीला सरावलेला आहे. उलट, कानडी मूल दशक आधीं म्हणतें, त्याचें गणित अधिक सुकर होतें काय, हेंही विचारतां आलें असतें. झालें काय? थट्टा झाली, अस्मितेचे नगारे वाजले, विधानसभेंतही कोट्या झाल्या. भाषेच्या कैवाऱ्यांस गणिताचें वावडें, आणि गणित जाणणारे बहुतेक गप्प! सहा-सात वर्षांच्या मुलाचा प्रश्न मात्र जेथल्या तेथें राहिला.

कोणी म्हणेल, हें युग विशेषज्ञांचें आहे. सर्व विषयांत नाक खुपसणारा कोणत्याच विषयांत पार जात नाहीं. खोल जाऊं नये असें आम्ही कोठें म्हणतों? डॉ. जयंत नारळीकर विश्वरचनाशास्त्रांत किती खोल गेले होते, हें आम्हीं सांगावयास नको. तरी १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेस त्यांनीं स्वतःचीं आद्याक्षरें उलटीं करून, 'नारायण विनायक जगताप' या नांवानें कथा धाडली, आणि तिला पहिलें बक्षीस मिळालें. पुढें 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रास २०१४ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. २०२५ सालीं ते निवर्तले, तेव्हां शास्त्रज्ञ व साहित्यिक दोघांनींही त्यांना आपला म्हटलें. त्यांची विद्या कथेनें बाटली नाहीं. आणि चिंध्यांचेंच म्हणाल, तर गोधडी चिंध्यांचीच होते. शिवणारा हात मात्र हवा.

दोष केवळ वाचकांचा नाहीं. आमच्या मासिकांतून कादंबरीस आठ पृष्ठांचें परीक्षण मिळतें, आणि गणितावरील किंवा भूस्तरशास्त्रावरील पुस्तक 'साभार पोच' या सदरांत एका ओळीवर बोळविलें जातें. जें पुस्तक कोणी तपासीत नाहीं तें सुधारत नाहीं. आणि मग 'मराठींत शास्त्रावर वाचण्याजोगें आहे काय?' असें विचारावयास आपण मोकळे! संपादकांनीं दर अंकांत निदान एका शास्त्रीय ग्रंथाचें कठोर परीक्षण छापावें. आईबापांनीं महिन्याकांठीं आपल्या धंद्याबाहेरचें एक मराठी पुस्तक मुलांदेखत वाचावें, आणि न कळलेला भाग मुलांसच विचारावा. एवढें होत नसेल, तर मराठीच्या अभिमानाचीं भाषणें बंद करावीं. जी भाषा घरांत फक्त करमणुकीस लागते, ती पुढची पिढी करमणुकीसही ठेवणार नाहीं.