खोकल्याची बाटली आणि न्यायाचा तराजू

विरार आणि धाकटी डहाणू ही एकाच पालघर जिल्ह्यातली. विरारच्या पृथ्वी शॉ या क्रिकेटपटूने २२ फेब्रुवारी २०१९ रोजी दिलेल्या नमुन्यात टर्ब्युटालिन हे बंदी असलेले द्रव्य सापडले. ते खोकल्याच्या औषधातून नकळत पोटात गेले, हा त्याचा खुलासा क्रिकेट मंडळाने मान्य केला. आठ महिन्यांची बंदी ३० जुलैला जाहीर झाली, पण मोजली गेली १६ मार्चपासून. म्हणजे जाहीर होताना निम्म्याहून अधिक शिक्षा संपलीही होती! क्रिकेट ‘नाडा’च्या कक्षेत आले ते त्यानंतर, ऑगस्टमध्ये.

त्याला सवलत मिळाली म्हणून आमच्या पोटात दुखत नाही. ज्याचा हेतू वाईट नाही, त्याचे ऐकून घेतलेच पाहिजे. आमचा सवाल वेगळा आहे. उद्या धाकटी डहाणूच्या कोळ्याची किंवा तलासरीच्या आदिवासीची पोर राष्ट्रीय मैदानावर धावली आणि तिनेही अशीच बाटली घेतलेली निघाली, तर तिचा खुलासा मांडणार कोण? शरीरात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार, असा नियम आहे. औषधाची आगाऊ परवानगी घेता येते, हे तिला कोणी सांगितले आहे काय?

घटनेचे कलम ३९-अ गरिबाला मोफत कायदेशीर मदतीची हमी देते. ती चौकशीच्या दारापर्यंत पोहोचलीच पाहिजे. बंदी असलेल्या औषधांची यादी मराठीत आश्रमशाळेच्या भिंतीवर लावा. नियम सर्वांना सारखा असेल, तर बचावाची संधीही सारखीच हवी!