दूध सोडलंत, पण त्याच्या जागी काय घेतलंत?

बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगाव, कुठल्याही गावाबाहेरच्या रस्त्यावर पहाटे उभं राहा, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी धावताना दिसतील. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक; सगळे मिळून पन्नास गुण. त्यांतल्या ज्यांनी दूध, दही, तूपही सोडून पुरता व्हीगन आहार धरला आहे, त्यांच्याशी आणि त्यांच्या घरच्यांशी थोडं बोलायचं आहे. कुणी माळकरी घरातलं, मांस-अंडं आधीच वर्ज्य. कुणाला जनावरांचे हाल सोसवत नाहीत. कारण काहीही असो, निर्णय तुमचा आहे आणि त्यात वावगं काही नाही. तक्रार मात्र बहुतेकांची एकच असते: तिसऱ्या फेरीला पाय उचलत नाहीत.

घरचे लगेच म्हणतात, "दूध सोडलं म्हणून." अर्धं खरं आहे. दूध गेलं, दही गेलं, भाकरीवरचं तूप गेलं, आणि ताट तेवढंच राहिलं. रोजच्या जेवणातून तीन-चारशे कॅलरी अशाच निघून जातात. त्यात भाजी, डाळ, भाकरी यांत चोथा जास्त, त्यामुळे भूक भागते पण गरज भागत नाही. म्हणून पहिलं काम पावडरचा डबा आणण्याचं नाही. जास्त वेळा खा. भाकरीवर कच्चं शेंगदाण्याचं तेल घ्या, जवसाची, तिळाची, कारळाची चटणी सढळ हाताने वाढून घ्या. जवस मात्र भाजून कुटलेलंच हवं, अख्खं तसंच बाहेर पडतं.

प्रथिनांचा हिशेब एकदा मांडून टाकू. व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे साधारण १.२ ते १.६ ग्रॅम लागतात. साठ किलोच्या पोराला ७२ ते ९६. दिवसभरात तीनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी झाल्या तर तीसेक ग्रॅम तिथेच आले. पन्नास ग्रॅम तुरीच्या डाळीतून अकरा, मूठभर हरभऱ्यातून दहा-बारा, पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांतून बारा, पन्नास ग्रॅम कोरड्या सोया वड्यांतून पंचवीस. बेरीज नव्वदच्या आसपास जाते, आणि यातलं काहीही शहरातून मागवावं लागत नाही. शेगावच्या गजानन महाराजांच्या नैवेद्यातलं पिठलं-भाकरी घ्या: ज्वारीत जे अमिनो आम्ल कमी, ते बेसनात भरपूर. प्रोटीन बार विकणाऱ्यांनी हे कुणाला सांगू नये, हे मी समजू शकतो.

सोयाबीनचं तर नवलच आहे. जिल्हाभर शेतं त्याने भरलेली, पण ते पोत्यांतून बाजार समितीत जातं, तेल निघतं, आणि प्रथिनांनी भरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. आपल्या घरात मात्र सोयाबीन म्हणजे फक्त भाव. दोन-चार किलो घरी ठेवा. रात्रभर भिजवून, ते पाणी ओतून देऊन, कुकरमध्ये चांगलं शिजवा; कच्चं किंवा अर्धकच्चं खाऊ नका, पचनात अडथळा आणणारे घटक शिजल्यावरच निकामी होतात. शिजलेले दाणे उसळीत घाला, नाहीतर भिजवलेले वाटून, गाळून दूध काढा आणि ते नीट उकळा. सोयाबीनने पुरुषपण कमी होतं ही मैदानावरची कुजबूज आहे. नेहमीच्या खाण्याने तसं होत नाही.

वेळेचंही बघा. धावण्याआधी उसळ नको, पोटात कळ येते. अर्धा तास आधी एखादं केळं किंवा दोन खजूर पुरे. परतल्यावर गूळ-फुटाणे, मग तासाभरात पोटभर जेवण. आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका, काळा असला तरी. चहामुळे डाळी-भाज्यांतलं लोह नीट अंगी लागत नाही. लिंबू, आवळा, कच्चा टोमॅटो सोबत असला तर ते जास्त शोषलं जातं. मुलींनी हे जास्त मनावर घ्यावं, कारण दर महिन्याला त्यांचं लोह जातंच. दमणं थांबत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. कॅल्शियमसाठी तीळ, नाचणी, राजगिरा आहेत.

आता जे कुठल्याही शेतात पिकत नाही त्याबद्दल. गांधीजींनी १९१२ मध्ये दूध सोडलं आणि काही वर्षं शेंगदाणे आणि फळांवर काढली. १९१८ मध्ये आमांशाने ते पार खंगले, आणि पुढे मुंबईत, कस्तुरबांच्या सांगण्यावरून, शेळीचं दूध घेऊ लागले. दुधाला वनस्पतीतला पर्याय सांगा, असं ते डॉक्टर-वैद्यांना विचारत राहिले. त्यांचं दुखणं आमांशाचं होतं, पण प्रश्न रास्त होता. वनस्पतीत जवळजवळ नसलेलं ब-१२ जीवनसत्त्व शास्त्रज्ञांनी वेगळं काढलं ते १९४८ मध्ये, गांधीजी गेले त्याच वर्षी. तुमच्याजवळ ते गोळीत आहे, आणि जिवाणूंपासून बनतं, म्हणजे तुमचं व्रतही मोडत नाही. कॅप्सूलच्या कवचात जिलेटिन नाही एवढं पाहून घ्या. दिवसाची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम, पण गोळीतलं थोडंच शोषलं जातं, म्हणून किती ताकदीची घ्यायची ते डॉक्टरांना विचारा. हातापायांना मुंग्या येईपर्यंत थांबू नका. मज्जातंतूंचं नुकसान कधी कधी भरून येत नाही. लोणार सरोवराच्या खाऱ्या पाण्यात वाढणारं स्पिरुलिना हे शेवाळ यावर उपाय म्हणून सांगितलं जातं. त्यात ब-१२ सारखं दिसणारं जे असतं, त्यातलं बहुतेक शरीराला वापरता येत नाही.

संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या खारपाणपट्ट्यातल्या पोरांना एक जादा विनंती. पूर्णेच्या खोऱ्यात किडनीचे आजार घरोघर ऐकू येतात. तुमच्या घरात कुणाला तसा त्रास असेल तर प्रथिनांची पावडर सुरू करण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या. खनिजांच्या गोळ्याही मनाने घेऊ नका. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्याचा संबंध गव्हातल्या जादा सेलेनियमशी जोडला होता. शरीराला थोडं लागणारं खनिज जास्त झालं की तेही बाधतं. तपासण्यांसाठी मैदानी चाचणीच्या तारखेची वाट पाहू नका; कमी निघालेलं ब-१२ किंवा हिमोग्लोबिन भरून यायला महिने लागतात.