फाटकापलीकडचा लाल दिवा

सारंगखेड्याला रेल्वे नाही. तरीही दत्तजयंतीच्या यात्रेसाठी धुळ्याकडून घोडे घेऊन येणाऱ्या गाड्यांना वाटेत सुरत–भुसावळ लोहमार्ग ओलांडावा लागतो. म्हणून हा विषय आपल्याही घरचा.

रेल्वे फाटक म्हटले की आपण घाईने घुसणाऱ्याला दोष देतो. माझ्या मते खरा धोका कित्येकदा पलीकडच्या चौकात असतो. तिथला दिवा लाल झाला की वाहनांची रांग मागे वाढत रुळांपर्यंत येते. २५ ऑक्टोबर १९९५ रोजी अमेरिकेतील फॉक्स रिव्हर ग्रोव्ह येथे शाळेची बस अशीच लाल दिव्यापाशी थांबली. मागचा भाग रुळांवर राहिला आणि ७ विद्यार्थी दगावले. चौकाचा दिवा रेल्वेशी जोडलेला होता. पण बसला निघायला पुरेसा वेळ मिळाला नाही.

आपल्याकडे इंटरलॉक केलेले फाटक लागल्याखेरीज आगगाडीला सिग्नल मिळत नाही, हा मोठा आधार. पण गावे वाढताहेत. फाटकाजवळ चौकात दिवे बसवायचे तर त्यांच्या वेळा रेल्वे, नगरपालिका आणि पोलिसांनी एकत्र बसून ठरवाव्यात. तोवर आपल्या हाती एक नियम आहे: रुळांपलीकडे गाडीपुरती जागा मोकळी दिसल्याशिवाय पुढे सरकू नये. मागचा कितीही हॉर्न वाजवो!