आधी कपाट उघडा, मग टीव्ही बंद करा

१५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, शाळाशाळांतून एकच भाषण ऐकू येतं: टीव्हीनं आणि मोबाइलनं वाचनाचा गळा घोटला. टाळ्या पडतात, शाल-श्रीफळ होतं आणि पाहुणे रात्री घरी जाऊन वाहिनीवरची चर्चा लावून बसतात. या दुटप्पीपणाला विटून आता दुसरा पक्ष उभा राहिला आहे. तो म्हणतो, टीव्हीला बोल लावणं ही पुस्तकी मंडळींची मिजास आहे. टीव्हीनं बायाबापड्यांना जेवढं जग दाखवलं, तेवढं ग्रंथालयांना कधी जमलं नाही. पहिला पक्ष आळशी आहे, दुसरा हुशार. म्हणून उत्तर दुसऱ्याला द्यायला हवं. टीव्ही कमी आणि वाचन जास्त झालं तर समाजाचं भलंच होईल, असं माझं ठाम मत आहे. त्याची कारणं मात्र त्या भाषणांतली नाहीत.

दुसऱ्या पक्षाचा हुकमाचा एक्का म्हणजे रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास. बिहार, हरियाणा, तमिळनाडू, गोवा आणि दिल्लीतल्या कुटुंबांची पाहणी करून त्यांनी दाखवलं, की खेड्यात केबल पोचल्यावर नवऱ्याच्या मारहाणीला रास्त मानणाऱ्या आणि मुलगाच हवा म्हणणाऱ्या बायकांचं प्रमाण घटलं. हा निष्कर्ष झटकून टाकता येणार नाही. उंबऱ्याआड राहिलेल्या बाईला दुसऱ्या तऱ्हेनं जगणारी बाई दिसली आणि तिचं मन हललं. टीव्हीचं हे श्रेय त्याला द्यायलाच हवं.

पण मन हललं म्हणजे हक्क पदरात पडला असं होत नाही. पोटगीचा अर्ज, सातबाऱ्यावरची वारसनोंद, बचत गटाच्या कर्जाची कागदपत्रं, ही सगळी वाट अक्षरांतून जाते. पीकविम्याचंच बघा. गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीत नुकसान झालं तर ७२ तासांच्या आत कळवायचं, अशी अट पंतप्रधान पीकविमा योजनेत घातली गेली. गारपीट झाली की बातम्यांत आडवी झालेली पिकं दिसतात, बांधावर आलेला मंत्री दिसतो, त्याचं आश्वासन ऐकू येतं. ते बघत तीन दिवस गेले की शेतकऱ्याचा दावा अडचणीत येतो. अट लपवलेली नसते, छापलेलीच असते. ती वाचणारं घरात कुणी असणं किंवा नसणं, यावर त्या हंगामाचे पैसे ठरतात. टीव्ही आशा दाखवतो. हक्क कागदावर असतो आणि कागद वाचावा लागतो.

मग दूरदर्शनच्या जुन्या दिवसांचा दाखला येतो. १९७२ साली मुंबई केंद्र सुरू झालं, ‘आमची माती आमची माणसं’नं शेतकऱ्याला शेतीचं शास्त्र सांगितलं, १९८८ मध्ये ‘तमस’नं फाळणी घराघरात पोचवली. खरं आहे. पण ‘तमस’ ही मुळात भीष्म साहनींची कादंबरी, ‘मालगुडी डेज’ आर. के. नारायण यांच्या कथा आणि ‘भारत एक खोज’च्या पाठीशी नेहरूंचा ग्रंथ. म्हणजे टीव्हीच्या बाजूनं जे सर्वांत भक्कम साक्षीदार उभे केले जातात, ते पुस्तकांच्या पोटी जन्मलेले आहेत. वाचणारा समाज आटला, तर उद्याचा टीव्हीही याहून वाईटच होणार.

आजच्या टीव्हीची घडण तर वेगळीच आहे. मालिकेला शेवट गोष्टीमुळे येत नाही. टीआरपी पडला की येतो. ‘चार दिवस सासूचे’ या नावाची मालिका ई टीव्ही मराठीवर २००१ साली सुरू झाली आणि सुमारे अकरा वर्षं चालली. भाग झाले तीन हजारांच्या वर. अर्ध्या तासाचा एक भाग धरला तर हे दीड हजार तास होतात. तासाला तीस पानं इतक्या सावकाश गतीनं वाचलं, तरी तेवढ्या वेळात तीनशे पानांची दीडशे पुस्तकं हातावेगळी होतात. सून जिन्यावर उभी, सासू दारात. ढोल वाजतो, तीच मुद्रा तीनदा जवळ येते आणि जाहिरात लागते. ही लांबण लेखकाचा आळस नव्हे, धंद्याचं गणित आहे. जाहिरातींच्या मधल्या जागा भरायच्या असतात. करमणुकीला माझी ना नाही. एकाच तऱ्हेच्या करमणुकीनं संध्याकाळी सात ते दहा हा घराचा सगळा वेळ वर्षानुवर्षं गिळावा, याला आहे.

तिसरा आक्षेप जास्त खोल आहे. महाराष्ट्र शहाणा झाला तो ऐकून, असं म्हणतात. पोथी एक जण वाचायचा, गाव ऐकायचा. कीर्तनानं जे केलं ते छापखान्यानं केलं नाही. आणि गाडगेबाबांना तर अक्षरओळखही नव्हती. मग बघण्या-ऐकण्याला कमी का लेखायचं? याचं उत्तर गाडगेबाबांच्याच कीर्तनात आहे. बाबा समोरच्या माणसांना प्रश्न विचारत, उत्तर वदवून घेत आणि त्या उत्तरातूनच त्यांच्या अंधश्रद्धेला खिंडीत गाठत. श्रोत्याला तिथे गप्प बसून भागत नसे. पडद्यासमोर तो प्रेक्षक होऊन बसतो, त्याला कुणी काही विचारत नाही. आणि हेच निरक्षर बाबा भांडी विका पण मुलांना शिकवा, म्हणून कळवळून सांगत होते. त्यांचा दाखला वाचनाच्या विरुद्ध देणं म्हणजे त्यांच्या झाडूनं कचरा परत अंगणात लोटण्यासारखं आहे.

वाचणारी माणसं चांगली असतात का, हा चौथा प्रश्न. नसतात. भरपूर वाचलेल्या माणसांनीही द्वेष पेरला आहे आणि व्हॉट्सॲपवरचं विष वाचूनच पसरतं. वाचनानं सद्गुण येतात, हे भाषणातलं वाक्य म्हणूनच फोल आहे. वाचनानं येते ती तपासण्याची सोय. वृत्तवाहिनीवरच्या सहा चौकटींत सहा जण एकाच वेळी ओरडत असतात, तेव्हा दुसऱ्या मिनिटाचं वाक्य दहाव्या मिनिटाशी जुळतं का हे कोण पाहणार? छापलेलं वाक्य पळून जात नाही. मागचं पान उलटता येतं, दोन परिच्छेद समोरासमोर ठेवता येतात, लेखकाला खोटं पाडता येतं. लोकशाहीला नेमका हाच नागरिक लागतो: सावकाश, खोडकर, मागचं पान लक्षात ठेवणारा.

आणि पुस्तक अप्रिय बोलू शकतं. १९७८ साली ‘ग्रंथाली’नं दया पवारांचं ‘बलुतं’ काढलं. पांढरपेशा वाचक त्यानं हादरला आणि दलित समाजातूनही त्यावर उलटसुलट बोललं गेलं. त्या वादातून मराठी माणसाला आपल्याच गावाची वेशीबाहेरची बाजू नीट बघावी लागली. प्रेक्षक बिथरला तर जाहिरातदार बिथरतो, अशा माध्यमात हे अस्वस्थपण किती भाग टिकलं असतं?

उरतो तो शेवटचा आणि सर्वांत रास्त आक्षेप. दिवसभर ऊस तोडून किंवा लोकलला लटकून आलेल्या माणसानं काय वाचावं? त्याला वाचनाचे डोस पाजणाऱ्यांची मलाही चीड येते. पण त्याच्या मुलांचं काय? ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२२ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी सुमारे ४३ टक्क्यांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. यात कोरोनाकाळातल्या बंद शाळांचा वाटा मोठा. सगळं पाप टीव्हीच्या माथी मारता येणार नाही. त्याच २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं एक ठराव केला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवायचा, मग दीड तास घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला. एकट्या घराला जे जमत नाही, ते अख्ख्या गावानं मिळून केलं. शेजारच्या घरातून मालिकेचं शीर्षकगीत येत असताना कुठलं पोर धड्यात डोकं घालील?

पण भोंग्यानं वेळ मिळतो, पुस्तक मिळत नाही. महाराष्ट्रानं १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, गावोगावी ग्रंथालयं झाली. पण सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयात जाऊन बघा: तुटपुंज्या अनुदानावर वर्तमानपत्रं चालतात, ग्रंथपालाचं घर चालत नाही. शाळेत पुस्तकं लोखंडी कपाटात आणि कपाटाला कुलूप, कारण एखादं हरवलं तर जडसंग्रह रजिस्टर कोण निस्तरणार? म्हणून मागणी करायची तर साधी करू. मुलांच्या हाताळण्यानं फाटलेलं आणि हरवलेलं पुस्तक बिनचौकशी निर्लेखित व्हावं. गावचं ग्रंथालय नेमकं सात ते नऊ उघडं असावं आणि ते उघडणाऱ्याला पोट भरेल इतका पगार मिळावा. एवढं करायची तयारी नसलेल्या पुढाऱ्याला १५ ऑक्टोबरच्या व्यासपीठावरून टीव्हीला शिव्या द्यायचा अधिकार नाही. आणि एवढं झाल्यावरही रिमोट हातातून सुटत नसेल, तर दोष टीव्हीचा नाही, आपला.