आकड्याबरोबर त्याची ओळखही हवी

भौतिकीतील प्लांकचा स्थिरांक तुम्ही ऐकला असेल. त्याची किंमत ज्यूल-सेकंदात, १० च्या उणे ३४ व्या घातासह देतात. त्यातील नुसते आकडे पाहा. २०१० सालच्या आंतरराष्ट्रीय कोष्टकात ते ६.६२६०६९५७ होते, २०१४ सालच्या कोष्टकात ६.६२६०७००४० झाले आणि २० मे २०१९ पासून ६.६२६०७०१५ ही किंमत व्याख्येनेच निश्चित करण्यात आली. आता समजा, एखाद्या पुस्तकात ही किंमत चाळीस ठिकाणी आहे. मग प्रत्येक बदलाच्या वेळी चाळीस दुरुस्त्या करायच्या काय?

आज पुष्कळ पुस्तके संगणकावर 'एक्सएमएल' या पद्धतीने लिहिली जातात. डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने ती १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रसिद्ध केली. मजकुराचा प्रत्येक भाग काय आहे, हे सांगणारी खूण त्याला लावायची, हे तिचे सूत्र. या खुणेला टॅग म्हणतात.

वरील अडचणीवर या पद्धतीत दोन उपाय आहेत. पहिला एंटिटीचा. 'प्लांक म्हणजे अमुक किंमत' असे प्रारंभी एकदाच घोषित करायचे आणि पुढे केवळ &प्लांक; असे लिहायचे. (नावे देवनागरीतही चालतात.) मजकूर वाचणारा प्रोग्रॅम, म्हणजे पार्सर, नावाच्या जागी किंमत घालतो. दुसरा उपाय टॅगने संदर्भ देण्याचा: <स्थिरांक नाव="प्लांक"/>. येथे पार्सर टॅग तसाच पुढे पाठवतो. किंमत कोठून आणायची, ते पुढचा प्रोग्रॅम ठरवतो.

एंटिटी लिहायला सोपी आणि तिला वेगळा प्रोग्रॅम लागत नाही. मग तीच का वापरू नये? माझा अनुभव सांगतो. मी एका प्रयोगपुस्तिकेत एंटिटी वापरल्या होत्या. एका सहकाऱ्याने ती दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली, दोन शब्द सुधारले आणि जतन केली. त्या प्रोग्रॅमने सर्व नावांच्या जागी आकडे भरून तेच जतन केले! २०१९ साली मी घोषणेतील किंमत बदलली. छापील प्रतीत मात्र जुनेच आकडे आले.

तुम्ही म्हणाल, "जुना आकडा शोधून सगळीकडे नवा घालावा, झाले." परंतु पुस्तिकेत स्थिरांकाच्या किमतीचा इतिहास देणारे एक कोष्टकही होते. तेथे २०१४ चा आकडा तसाच राहायला हवा होता. आकडे तेच, अर्थ मात्र दोन! कोणता बदलायचा आणि कोणता नाही, हे संगणकाला कळण्याची सोयच उरली नव्हती. अखेर प्रत्येक जागा मला डोळ्यांनी तपासावी लागली.

म्हणून माझे मत असे: ज्या मजकुराला स्वतःचा अर्थ आहे (स्थिरांक, व्याख्या, आकृतीचा क्रमांक), त्यासाठी टॅगचा संदर्भच वापरावा. तो सोडवायला थोडा अधिक प्रोग्रॅम लिहावा लागतो हे खरे. पण 'हा आकडा कोणाचा' ही माहिती जिवंत राहते. एंटिटी चिन्हांसाठी ठेवावी. उदाहरणार्थ, < हे चिन्ह एक्सएमएलमध्ये टॅगची सुरुवात दाखवते. मजकुरात ते 'पेक्षा लहान' या अर्थाने हवे असेल, तर त्याची एंटिटी लिहितात. अशा पाच एंटिटी या पद्धतीत मुळातच दिलेल्या आहेत. तेथे चिन्ह मजकुरात मिसळून गेले, तरी काही हरवत नाही.

हा प्रश्न केवळ संगणकाचा नाही. प्रयोगवहीत तुम्ही स्थिरांकाची किंमत लिहिता, तेव्हा ती कोणत्या कोष्टकातील व कोणत्या सालची, हे शेजारी लिहिता का? आज ते अनावश्यक वाटेल. पण वर्षभराने तीच वही उघडून पाहा, म्हणजे नुसता आकडा किती मुका असतो, ते तुमच्या ध्यानात येईल.