फोनमधलं क्लोरीन मोजतो, मग बोअरमधलं क्लोराइड?

तुमच्या फोनवर बॅटरी ६३ टक्के दिसते. हा आकडा काढायला आतली एक छोटी चिप बॅटरीत किती विद्युतभार गेला आणि किती बाहेर पडला, याचा हिशेब ठेवते. या भाराचं एकक कूलोंब. ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे १८,००० कूलोंब.

अगदी याच हिशेबाने क्लोराइडही मोजतात. त्या पद्धतीचं नाव कूलोमेट्रिक टायट्रेशन.

शिरूर तालुक्यातल्या रांजणगावात इलेक्ट्रॉनिक्स क्लस्टर होणार, असं केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर केलं. इलेक्ट्रॉनिक्समध्ये क्लोरीनवर कडक नजर असते. सर्किट बोर्डचं मटेरियल ‘हॅलोजन-फ्री’ म्हणायचं, तर त्यात क्लोरीन ९०० पीपीएमपेक्षा जास्त चालत नाही.

ते मोजायचं कसं? नमुना ऑक्सिजनमध्ये जाळतात. निघालेला हायड्रोजन क्लोराइड वायू एका द्रावणात जातो. त्या द्रावणात चांदीचा इलेक्ट्रोड असतो. करंट सोडला की चांदीचे आयन सुटतात आणि क्लोराइडला पकडून बसतात. क्लोराइड संपलं की चांदीचे आयन मोकळे राहतात, सेन्सरला ते कळतं, करंट बंद. एका क्लोराइडमागे एक इलेक्ट्रॉन, त्यामुळे १ कूलोंब म्हणजे ०.३६७ मिलिग्रॅम क्लोराइड. समजा ५० मिलिग्रॅम नमुन्याला १ मिलिअँपिअर करंट १०० सेकंद लागला, तर भार ०.१ कूलोंब आणि क्लोरीन ७३४ पीपीएम. बोर्ड पास!

आता शेजारच्या दौंड तालुक्यात या. कुरकुंभला रासायनिक एमआयडीसी आहे, आणि आसपासच्या विहिरी-बोअरच्या पाण्याबद्दल गावकरी वर्षानुवर्षं तक्रार करतायत. इथे क्लोराइड महत्त्वाचं आहे, कारण सांडपाण्यावरच्या नेहमीच्या जैविक प्रक्रियेत जिवाणू सेंद्रिय घाण खातात, पण विरघळलेलं मीठ तसंच पुढे जातं. ते काढायला आरओ किंवा बाष्पीभवनच लागतं. जमिनीत मुरल्यावरही ते मातीला फारसं चिकटत नाही, पाण्याबरोबर वाहत राहतं. म्हणून ते चांगला माग देतं.

पण घाई नको. क्लोराइड घरगुती सांडपाण्यातूनही येतं आणि उसाला टाकलेल्या पोटॅश खतातूनही. एका बोअरचा एक आकडा कुणालाच दोषी ठरवत नाही, आणि निर्दोषही नाही. कारखान्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाचे बोअर, पावसाळ्याआधी आणि नंतर, सलग काही वर्षं मोजले, तरच चित्र दिसेल.

यासाठी महागडं यंत्रही नको. पिण्याच्या पाण्यात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १०००. एवढं प्रमाण सिल्व्हर नायट्रेटच्या साध्या टायट्रेशननेही कळतं.

मी रोज डेटाबेसवर काम करतो. मला यातली अडचण केमिस्ट्रीपेक्षा डेटाची वाटते. बोर्डच्या प्रत्येक बॅचचा रिपोर्ट ग्राहक मागतो, म्हणून तो तयार होतो. बोअरचा रिपोर्टही कुणीतरी मागायला हवा. पुढच्या ग्रामसभेत तीनच गोष्टी विचारा: पाणी कुठलं, तारीख कुठली, आकडा किती? आणि मिळालेल्या कागदाचा फोटो जपून ठेवा. पुढच्या वर्षीचा आकडा त्याच्याशीच ताडून बघायचाय.